रकाना : दिवा

सम्मेदशेठनी सिस्टीम घेतली त्या वर्षी
हरिपुरात आमची एकवीस पेवं होती,
म्हणजे कागदावर एकवीस.
पुण्याहून आलेला निनाद म्हणाला,
प्रत्येकाला कोड द्या : गल्ली, रांग, कप्पा.
पेवाला कप्पा नसतो, मी म्हटलं.
त्यानं कप्प्यात शून्य भरलं
आणि आम्ही जेवायला गेलो.

महिनाभर मी मास्टर भरत होते.
हळकुंड, गड्डा, कणी,
पोत्याचं वजन, सुतळीचं वजन,
हमाली, तोलाई, धूळघट.
दस्तगीरचाचा दारात उभे राहून बघायचे,
चपला बाहेर काढून,
जसं काही आत कुणी आजारी आहे.
त्यांची एक वही होती, तीही कोरी.
बाकी सगळं तळपायात.

पहिला सल्ला आला कार्तिकात.
पेव क्रमांक सतरा, माल जुना, लाल अक्षरात :
चाळीस पोती आज काढा.
चाचांनी दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.
"ताई, पेव चाळीस देत न्हाई.
तोंड फोडलं की समदं भाईर,
न्हाईतर कायच न्हाई.
त्याला सांगा, ही दुकानातली बरणी न्हवं."
मी सांगितलं.
निनादनं फोनवर विचारलं, एका वेळी किमान किती निघतं?
मी टाइप केलं : सगळं.
त्या चौकटीत अक्षरं चालत नव्हती.

मग शिल्लक जुळेना.
दोनशे बारा पोती
खरेदीत होती, विक्रीत नव्हती,
एकवीस पेवांत कुठेच नव्हती.
तेरा वर्षांच्या वह्यांनी जे पोटात ठेवलं
ते यंत्रानं दुपारच्या चहाआधी ओकून दाखवलं.
शेठ तेव्हा चाचांकडे बघत नव्हते.
दिवसभर बघत नव्हते.

तिसऱ्या दिवशी चाचा अनवाणी निघाले,
चिंचेच्या मागं, बाभळीच्या कुंपणापर्यंत,
टाच आपटत, थांबत, टाच आपटत.
एका जागी जमीन वेगळं बोलली.
बाविसावं.
थोरल्या शेठनी जायच्या वर्षी भरलेलं.
"पाचट म्याच घातलं हुतं," चाचा म्हणाले,
"आन् म्याच इसरलो."
आणि मातीतच बसले.

शिळा सरकवली. कंदील सोडला दोरानं.
आठ हातांवर ज्योत वाकली, निळी झाली,
गेली.
चाचांनी दोर गुंडाळला. उद्या.
स्क्रीनवर भाव घसरत होता,
सल्ला दर तासाला जास्त लाल :
आज विका. आज विका.
दुसऱ्या दिवशी अकरा हातांवर गेली.
चौथ्या दिवशी तळाला टेकून जळत राहिली,
तेव्हा पोरगं उतरलं,
आणि वर आलेल्या पहिल्या पाटीचा रंग
आमच्या रंगांच्या यादीत नव्हता.

त्या रात्री मी निनादला मेल केला :
एक रकाना वाढवा. सक्तीचा, लाल चांदणीचा.
नाव : दिवा. पर्याय दोन.
विनोद समजून त्यानं हसरा चेहरा पाठवला,
पण वाढवला.

चाचा आता मिरजेला, लेकीकडे.
काम प्रज्योत बघतो, मोबाइलवरून.
परवा मी महिन्याचा अहवाल काढला :
दिवा, जळतो. दिवा, जळतो.
सव्वीस नोंदी, सगळ्या सकाळी दहाच्या आत.
गोदामात जाऊन पाहिलं.
कंदिलाची काच दसऱ्यापासून फुटलेली.

प्रज्योतला मी काही बोलले नाही.
पर्याय आधीपासून निवडलेला यायचा,
ती खूण मी काढून टाकली.
आता रकाना रिकामा उघडतो
आणि भरल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही.

गणपती पेठेतून काच आणली, एक नग.
खर्च टाकायला बसले आहे.
सिस्टीम विचारते,
मालाचा गट कोणता?